विषय: गावच्या अभ्यासिकेतला प्रिंटर लाईट गेली की मुका होतो

प्रेषक: औशाचा (सध्या गावी)

मंडळी, नमस्कार.

येळवशीला, म्हणजे आमच्याकडच्या वेळ अमावास्येच्या सणाला, म्हणून आलो आणि इथंच अडकलोय. परवा अख्खं गाव रानात भज्जी-आंबिलीच्या पंगतीला, आणि मी अभ्यासिकेत एका प्रिंटरच्या पाया पडत बसलेलो.

आपल्या तिकडच्या मराठी मंडळात जुने लॅपटॉप गोळा केले होते, त्यातला एक मी बॅगेत कोंबून आणला. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ त्या मशीनला झेपणारं नव्हतं, म्हणून निघायच्या आधी त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकली. प्रिंटर इथलाच, एचपीचा लेसरजेट १०२०, बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून आलेला. पोरं त्यावर तलाठी भरतीच्या, एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढतात.

रविवारी जोडला. नाव बरोबर दिसलं, टेस्ट पेज दिलं, कॉम्प्युटर ‘प्रिंटिंग’ म्हणतो आणि बसून राहतो. दिवा हिरवा, कागद जागचा हलत नाही. वायर बदलली, कार्ट्रिज हलवून बसवलं, कॉम्प्युटरमधली प्रिंटरची नोंद, म्हणजे छपाईची रांग, पुसून नव्यानं केली. संध्याकाळी भाच्यानं त्याचा विंडोजचा लॅपटॉप आणला, त्यावर झटक्यात पान आलं. गंमत म्हणजे तीच वायर काढून लिनक्सला लावली तर तिथंही छापायला लागला! खुशीत चहा मागवला. सोमवारी सकाळी परत मुका.

ग्रंथपालमामा दर तासाला येऊन विचारतात, “काय करलालाव मालक? कामून छापंना हो?” गुरुवारी रात्री हैदराबादहून माझं विमान आहे.

———

प्रेषक: खजिनदार

दिवाळीच्या वर्गणीतले थोडे शिल्लक आहेत. नवा घेऊन टाका.

———

प्रेषक: परभणीवाले काका

खजिनदारसाहेब, थांबा जरा. नव्याची गरज नाही.

बाळा, एकच सांग. रविवारी रात्री ते सोमवारी सकाळ, मधे लाईट गेली होती का?

———

प्रेषक: औशाचा

पहाटे तासभर गेली होती. काका, तुम्हाला तिथं बसून कसं कळलं?

———

प्रेषक: परभणीवाले काका

तूच सांगितलंस की. विंडोजला लावून काढला की लिनक्सलाही चालतो, म्हणजे वायर, टोनर, रोलर सगळं ठणठणीत. विंडोज त्याला काहीतरी देऊन जातं आणि ते लाईट जाईपर्यंतच टिकतं. ते म्हणजे फर्मवेअर, प्रिंटरला आतून चालवणारा प्रोग्रॅम. ह्या प्रिंटरच्या पोटात ते कायमचं साठवलेलं नसतं. चालू केला की दर वेळी कॉम्प्युटरनं यूएसबीतून पाजायचं. ते रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत राहतं, वीज गेली की पाटी कोरी. मग तो कॉम्प्युटरला आपलं नाव तेवढं सांगतो, छापता काही येत नाही. म्हणून दिवा हिरवा दिसतो आणि तू फसतोस.

आता लिनक्सकडे काय झालंय ते. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरपुढे (कॉम्प्युटर आणि प्रिंटरमधला दुभाषा प्रोग्रॅम) ‘फू-टू-झेडजेएस’ असं काही दिसतंय का बघ. मला खात्री आहे दिसेल. हा ड्रायव्हर पानाचं रूपांतर झेडजेस्ट्रीम नावाच्या भाषेत करतो, जी ह्या प्रिंटरला कळते. ते काम तो चोख करतो. पण फर्मवेअर मुक्त परवान्याचं नाही, म्हणून ते त्याच्या पॅकेजबरोबर येत नाही. आरतीच्या ओळी म्हणणारा आहे, देवाला जागं करणारा नाही!

जुनी रांग काढून टाक. प्रिंटर चालू ठेवून टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘एचपी-सेटअप’ चालव, रोमन अक्षरांत, मधे छोटी रेघ. त्यासाठी एचपीलिप नावाचं एचपी प्रिंटरांचं पॅकेज लागतं, बहुतेक मिंटमध्ये असतंच. तो स्वतंत्र प्लगइन मागेल, त्याला हो म्हण; फर्मवेअर त्यातच असतं. इंटरनेट चांगलं असेल तेव्हाच कर, मोबाइलच्या एका दांडीवर नको. प्लगइन आणि एचपीलिप ह्यांची आवृत्ती एकच लागते. पुढे कुणी अपडेट केलं आणि परत मुका झाला, तर ‘एचपी-प्लगइन’ पुन्हा चालवायचं. हे मामांना लिहून दे, नाहीतर रात्री बारा वाजता तुझा फोन वाजेल.

———

प्रेषक: वहिनी (कार्यकारिणी)

अहो, एवढं सगळं करण्यापेक्षा प्रिंटर इन्व्हर्टरवरच ठेवायला सांगा ना, म्हणजे लाईट गेली तरी विसरणार नाही.

आणि भज्जीचा एकही फोटो न पाठवणारा हा कसला लातूरकर?

———

प्रेषक: परभणीवाले काका

वहिनी, कल्पना चांगली, पण लेसर प्रिंटर छोट्या इन्व्हर्टरवर लावू नये. आत शाई भाजून कागदावर बसवणारा फ्यूजर असतो. तापताना तो एकदम शेकडो वॉट खेचतो. इन्व्हर्टर ओरडतो, कधी बंदही पडतो. लॅपटॉपला बॅटरी आहे, तेवढं पुरे. लाईट आली की प्रिंटरला फर्मवेअर पुन्हा आपोआप पाजलं जाईल.

भज्जीबद्दल मी वहिनींच्या बाजूनं.

———

प्रेषक: औशाचा

झालं! ‘फू-टू-झेडजेएस’च होतं. बुधवारी दुपारी तालुक्याला जाऊन एका मित्राच्या वाय-फायवर प्लगइन उतरवून आणलं. मग मुद्दाम मेन स्विच बंद करून पाहिला. परत चालू केल्यावर प्रिंटर दोन-चार सेकंद घुरघुरला आणि पान आलं. मामा म्हणाले, “आता ह्याला बी याद राहू लागली.”

एक नवी भानगड मात्र निघाली. प्रश्नपत्रिकेच्या तळाच्या दोन ओळी कापल्या जात होत्या. तासभर ड्रायव्हरला शिव्या घातल्या. चूक माझीच. लॅपटॉप तिकडे बसून तयार केला, अमेरिकन इंग्रजी निवडून, म्हणून कागद आपोआप ‘लेटर’ ह्या अमेरिकन मापाचा झालेला. लेटरची उंची २७९ मिलिमीटर, ए-४ ची २९७. ते अठरा मिलिमीटर पोरांच्या उत्तरांच्या पर्यायांवर पडत होते. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ए-४ केलं, पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या प्रिंट खिडकीतही वेगळं करावं लागलं, कारण तो स्वतःचं डोकं चालवतो. पुढच्या वेळी लॅपटॉप पाठवताना सगळ्यांनी हे तिकडेच करून पाठवा.

काकांच्या सूचना मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावल्या. ‘लाईट आल्यावर दहा सेकंद थांबणे’ ही ओळ मामांनी स्वतः घातली.

भज्जीचा फोटो सोबत. पातेलं रिकामं आहे, हे मान्य.

———

प्रेषक: खजिनदार

प्रिंटरचे पैसे वाचले. त्यातून कागदाचे दोन रिम आणि टोनर रिफिलचे देतो. पावती आणायला विसरू नये.