आठव्या अंकात नायक परत आणायचाय: मरण, लढाई, चित्रं यांत काय दुरुस्त करू?

तापीकाठ (जळगाव)
नमस्कार मंडळी. २४ पानी मराठी सुपरहिरो कॉमिक आहे. पाचव्या अंकात नायक तापीवरच्या हतनूर धरणावर मरतो. पूर आलेला, ४१ च्या ४१ दरवाजे उघडे. आठव्यात तो चांगदेवच्या देवळात डोळे उघडतो. पाचवा अंक छापून वाटला, सहा-सात अजून संगणकावरच आहेत. आठव्याची कच्ची प्रत वाचणाऱ्यांचं म्हणणं: परत आला हे आवडलं, पण पटलं नाही. केळीच्या बागेतल्या रात्रीच्या लढाईत (सहा पानं, ४३ चौकटी) कोण कुठे आहे ते कळत नाही. चित्रं काही पानांवर झकास, काहींवर घाईची. काय बदलू?

पिलबाग
भाऊ, आधी नकाशा दुरुस्त करा. चांगदेव तापी-पूर्णेच्या संगमावर, म्हणजे हतनूरच्या वरच्या अंगाला. दरवाज्यातून खाली गेलेला माणूस प्रवाहाविरुद्ध वर कसा येणार? मुक्ताईनगर-भुसावळचा वाचक हे पहिल्याच चौकटीत पकडेल. त्याला खाली मुडावदला, तापी-पांझरेच्या संगमावर सापडू द्या.

आता जगण्याचं कारण. बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड १९८८ मध्ये वाचकांच्या फोनमतांवर मारला गेला: मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१. २००५ मध्ये तो रेड हूड होऊन परतला. मला मारणाऱ्या जोकरला अजून जिवंत का ठेवलंस, असं तो बॅटमॅनला विचारतो, तो प्रसंग काळजाला भिडतो. पण तो जिवंत कसा झाला? तर सुपरबॉय-प्राइम या दुसऱ्याच पात्राने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्याच्या हादऱ्याने! या कारणाचा जेसनच्या मरणाशी काडीचा संबंध नाही, म्हणून ते आजही खटकतं. त्याच २००५ मध्ये कॅप्टन अमेरिकेचा मेलेला साथीदार बकी परत आणला. तो सोव्हिएतांच्या हाती लागला, धातूचा हात बसवला, आठवणी पुसल्या, दोन कामगिऱ्यांच्या मधे त्याला गोठवून ठेवलं. त्याचा हात गेला, वर्षं गेली, त्याच्याकडून खून करवले गेले. यातलं काहीच भरून येत नाही, म्हणून त्याचं परतणं पटतं.

आपल्याकडे केळीचा घड उतरला की मूळ झाड संपतं, कंदाला फुटलेलं पील वाढतं. कंद तोच, झाड दुसरं. नायकालाही तसंच आणा. दरवाज्यांच्या गर्जनेत त्याचा डावा कान गेला असं ठरवा, आणि त्याच्या डाव्या बाजूने काढलेल्या चौकटीत 'धाड', 'खण्ण' असला एकही आवाज लिहू नका. सहाव्या अंकात मच्छीमाराच्या जाळ्यात त्याचा हातमोजा दाखवा, सातव्यात मुडावदच्या घाटावर एक बंद खोली. तिसरी खूण नको, वाचक आधीच ओळखेल.

शाईदौत
सहा पानांत ४३ म्हणजे पानाला सातहून जास्त चौकटी. रात्री, त्यात केळीत, एवढ्या गर्दीत काही दिसणार नाही. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मरणाआधीच्या सलग अंकांत पानाला चार, मग तीन, मग दोन चौकटी होत्या, आणि शेवटच्या अंकात पानभर एकच चित्र. घाव जवळ येतोय हे चौकटीच सांगतात. तुमच्या सहा पानांना ६, ५, ४, ४, २, १ करून बघा. २२ चौकटींत लढाई बसते.

पहिली चौकट रुंद आणि वरून: ओळी, ठिबकच्या नळ्या, विहीर, दोघांच्या जागा. नायक डावीकडे असेल तर डावीकडेच ठेवा. बाजू बदलायची असेल तर मधे पुन्हा एक वरून काढलेली चौकट द्या. आठव्यात हेच राहिलंय असं दिसतं.

लागवड साधारण दीड बाय दीड मीटरवर असते, म्हणजे हात पसरून तलवार फिरवायला जागाच नाही. पण केळीच्या खोडात लाकूड नसतं, कोयत्याच्या एका घावात ते आडवं होतं, पाणी गळतं आणि चिकाचे डाग कपड्यावर काळपट पडतात. त्याचा उपयोग करा: घाव चुकला की झाड पडतं, जागा मोकळी होते आणि शेवटच्या पानाला आभाळ मिळतं.

शिसपेन
चित्रांचं थोडक्यात. नायकाचा चेहरा समोरून, बाजूने आणि पाऊण असा एका कागदावर पक्का करा आणि प्रत्येक पानाशेजारी ठेवा. वेळ कमी असेल तर पहिलं पान, डोळे उघडतो ते पान आणि लढाईचं शेवटचं पान यांनाच जास्त दिवस द्या. केळीचं पान मधल्या शिरेपासून कडेपर्यंत आडवं फाटतं. उभं फाटलेलं काढलं की खोटं वाटतं.

छपाईला रेषा ६०० डीपीआय (इंचाला ठिपके), रंग ३००, कडेला ३ मिमी जादा. रात्रीसाठी चारही शाया शंभर टक्के देऊ नका. शाई वाळत नाही, समोरच्या पानावर उमटते. काळ्या शंभरात निळी चाळीस पुरते. फुग्यातली अक्षरं फक्त काळ्या शाईत. रफार आणि उकार एकमेकांना भिडतात, म्हणून ओळींतलं अंतर अक्षराच्या १३० ते १४० टक्के ठेवा.

तापीकाठ
मुडावद पक्कं. डावा कानही घेतला. नवव्यात खलनायकही मरून परत आणायचा होता, तो ठेवू का?

पिलबाग
नको. लगेच दुसरा परत आला तर पाचव्या अंकातलं मरण फुकट जाईल. त्याला जिवंतच पळू द्या, अंगावर चिकाचे डाग घेऊन. दहाव्या अंकात बाजारातल्या गर्दीत नायक त्याला त्या डागांवरून ओळखेल. खलनायक जाताना पाठीमागून, डाव्या बाजूने अहिराणीत 'कोन शे रे?' (कोण आहे रे?) असं ओरडतो. आपल्या नायकाला ते ऐकूच येत नाही.