मदत हवी आहे: एका बीजाणूपासून वाढवलेल्या धिंगरीला (ऑयस्टर मशरूमला) अळिंबी का धरत नाही?

नमस्कार मंडळी,

सोयाबीनच्या कुटारावर धिंगरीचे बेड लावतो. स्पॉन (अळिंबीचं बियाणं) दरवेळी विकत आणावं लागतं, म्हणून यंदा घरीच करून पाहिलं. छत्री कागदावर ठेवून बीजाणू पाडले, पाण्यात भरपूर पातळ करून अगरच्या प्लेटवर पसरले आणि सुटी उगवलेली एक वसाहत उचलून ज्वारीवर वाढवली. दाणे पांढरेशुभ्र झाले, बेडही सावकाश का होईना, धरला. पण पिनहेड (अळिंबीचे पहिले बारीक कोंब) काही येईनात. त्याच शेडमधले विकतच्या स्पॉनचे बेड मात्र फुललेत, म्हणजे हवा-ओलाव्याचं कारण नसावं.

बीजाणूतून निघालेल्या धाग्यात दर पेशीला एकच केंद्रक असतं. असे दोन धागे जुळले की पेशीद्रव्य एक होतं, केंद्रकं मात्र वेगळीच राहतात आणि त्यांचं मीलन थेट छत्रीखालच्या गिल्सवर (पातळ पडद्यांवर) होतं, इथवर वाचलंय. पण मीलन जर शेवटीच व्हायचं, तर अळिंबी यायलाच दोन केंद्रकं का लागतात? आणि त्याच छत्रीच्या दोन वसाहती एकत्र लावल्या तर चालेल का? बटण मशरूमच्या बाबतीत म्हणे एक बीजाणूही पुरतो!

प्रतिसाद

दोन्ही केंद्रकांच्या जनुकांपासून बनलेली प्रथिनं एकमेकांशी जुळली की पुढची वाढ सुरू होते. ती पेशीद्रव्यातच भेटतात, त्यामुळे केंद्रकं वेगळी असली तरी अडत नाही. गिल्सवर केंद्रकं एक झाली की लगेच अर्धसूत्री विभाजन होतं, त्यातून चार केंद्रकं आणि चार बीजाणू.

धिंगरीत जोडी ठरवणाऱ्या जनुकांच्या जागा दोन आहेत आणि दोन्हीकडे फरक असावा लागतो. एकाच छत्रीचे कुठलेही दोन बीजाणू उचलले तर जमण्याची शक्यता 25 टक्केच. तेव्हा आठ-दहा वसाहती घेऊन जोड्या लावा. जिथे भेटतात तिथला धागा 400 पट मोठा करून बघा. दोन पेशींमधल्या आडपडद्याला वळसा घालणारी बारीक कडी दिसली, तर जोडी जमली.

बटणमध्ये बीजाणू धरणाऱ्या एका पेशीवर बहुधा दोनच बीजाणू येतात, म्हणून बहुतेकांना दोन-दोन केंद्रकं मिळतात.

नुसतं स्पॉनच हवं असेल तर बीजाणूंच्या नादी कशाला लागता? ताज्या देठाच्या आतला तुकडा अगरवर ठेवा, जोडी तयारच असते. आणि शेडमध्ये मास्क लावा, धिंगरीच्या बीजाणूंनी खोकला जडतो.