अर्ध्या कोर्टाबद्दल थोडं

पॅरा-बॅडमिंटनबद्दल कुणीतरी म्हणालं, 'व्हीलचेअर एकेरीत अर्धंच कोर्ट असतं, म्हणजे सोपंच की'. हे काही पटलं नाही. अर्धं कोर्ट तर पायांत अपंगत्व असलेल्या, पण उभं राहून खेळणाऱ्यांच्या एसएल-३ गटातही असतं; भारताच्या प्रमोद भगतने टोकियो पॅरालिम्पिकमध्ये आणि नितेश कुमारने पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं ते त्यावरच. व्हीलचेअरच्या दोन्ही गटांत (डब्ल्यूएच-१ आणि डब्ल्यूएच-२) आणखी एक अट असते. जाळं आणि त्यापासून १.९८ मीटरवरची शॉर्ट सर्व्हिस लाइन यांच्यामध्ये पडलेलं शटल बाद. म्हणजे जाळ्यालगतचा अलगद ड्रॉप बंद. मग खेळ उरतो तो पुढे-मागे खेचण्याचा: उंच टॉस पार मागच्या रेषेपर्यंत, आणि लगेच पुढचा फटका त्या लाइनच्या जेमतेम मागे. जाळ्याची उंची मात्र तीच, १.५२४ मीटर, आणि तीही बसून.

टोकियोतली डब्ल्यूएच-२ गटाची अंतिम लढत मिळाली तर जरूर बघा. जपानचा १९ वर्षांचा दाइकी काजिवारा कोरियाच्या किम जुंग-जुनला हरवून सुवर्ण जिंकतो. शटलकडे न बघता त्याच्या हातांकडे बघा. रॅकेट मुठीत धरूनच तो चाक मागे ढकलतो, पाठ खुर्चीबाहेर झुकवून डोक्यामागून शटल उचलतो आणि दुसऱ्याच क्षणी चाकं पुढे. फटका मारताना शरीर सीटवरून सुटलं तर फॉल्ट, त्यामुळे उसळी मारायची सोयच नाही. पॅरिसमध्येही सुवर्ण त्यानेच नेलं.