सान हुआनला बोट अर्धा दिवसच थांबते: कोणता किल्ला करावा?

एडिसनकर:
मंडळी, डिसेंबरात आई-बाबांना घेऊन क्रूझवर निघालोय. पोर्तो रिकोत सान हुआनला बोट दुपारी लागते, रात्री सुटते. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण किल्ला म्हटलं की ते ऐकत नाहीत. फोटोत जिकडेतिकडे एल मोरोच दिसतो. तोच करू का?

तोफखाना:
सान क्रिस्टोबाल करा. मोरोचं नाव मोठं, पण तो पार टोकाला. रस्ता संपला की दरवाज्यापर्यंत नुसतं मोकळं मैदान, सावली नावाला नाही. पोरं पतंग उडवतात तिथे. भर दुपारी गुडघेवाल्या माणसाचं ते काम नाही.

सान क्रिस्टोबाल धक्क्यापासून जवळ, आणि बाबांना खरी गंमत इथेच येईल. तेव्हा शहर स्पॅनिशांचं. 1595 मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून चालून आला, त्याला तोफांनी पिटाळलं. तीनच वर्षांनी कंबरलंडच्या अर्लने, म्हणजे दुसऱ्या एका इंग्रज सरदाराने, पूर्वेला सैन्य उतरवलं, जमिनीवरून आला आणि मोरो घेतला! रोगराईने त्याची माणसं पटापट मरायला लागली म्हणून गेला, नाहीतर हलला नसता. 1625 मध्ये डच आले. त्यांना मोरो मिळाला नाही, पण जाताना शहर जाळून गेले. मग स्पॅनिशांनी जमिनीची बाजू मनावर घेतली आणि सान क्रिस्टोबाल बांधला. तटापुढे तट, मधे खंदक. पुढचा बुरूज पडला तरी शत्रू मागच्या उंच तोफांच्या तोंडी. उत्तर-दक्षिण अमेरिका खंडांत त्यांनी बांधलेला हा सगळ्यात मोठा किल्ला.

आपली माणसं गडावर गेली की आधी पाण्याचं टाकं विचारतात. इथे मधल्या चौकाच्या पोटात पाच आहेत, पावसाच्या पाण्याची. अंधारकोठडीच्या भिंतीवर गलबतांची चित्रं आहेत, कुणा कैद्याने काढलेली म्हणतात. ती चुकवू नका. वरच्या तटावर मात्र चढ आहे, बाबांना दमादमाने न्या. वरून एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे तुमचीच बोट, आणि लांब टोकाला मोरो. म्हणजे मोरोही झालाच की!

खादाडी_नंबर_वन:
तिकीट 10 डॉलर, 24 तासांत दोन्ही किल्ल्यांना चालतं. किल्ले संध्याकाळी लवकर बंद होतात, बोटीवर जेवत बसू नका. मोफोंगो म्हणजे तळून कुटलेली कच्ची केळी, पण त्यात बऱ्याचदा डुकराची कुरकुरीत चामडी असते. शाकाहारी असाल तर आधी विचारा. गाडीवर पिरागुआ मिळेल, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच.

एडिसनकर:
तोफखाना, ठरलं मग, क्रिस्टोबालच. ऊन उतरल्यावर आईसाठी काही? तिला तोफांचा कंटाळा आहे.

तोफखाना:
काकूंना सान हुआन दरवाज्यापाशी न्या. लाल रंगाचा, शहराच्या तटातला जुना दरवाजा. बाहेर पडलं की तटाच्या पायथ्याने पाण्याकाठी सपाट वाट आहे, मांजरंही भरपूर. जवळच ला फोर्तालेसा, 16व्या शतकातला वाडा; गव्हर्नर अजून तिथेच राहतात. गल्ल्यांतली ती निळसर फरशी लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची आहे. सर पडली की घसरते, तेव्हा चपला नकोत, बूट घाला म्हणावं.