कुत्री रंग ओळखतेय की मला वाचतेय? चाचणी कशी घ्यावी?

मदत हवी आहे.

घरी लॅब्रॅडोर आहे, वय दीड वर्ष. सध्या तिला प्लास्टिकची दोन झाकणं ओळखायला शिकवतेय, एक निळं, एक पिवळं. निळ्याला नाक लावलं की खाऊ, पिवळ्याला लावलं तर काही नाही. मी समोर बसले असले की बाईसाहेब थेट निळ्याकडे जातात. मी दाराआड गेले की मात्र सगळा घोळ. दोन्ही हुंगत बसते आणि शेवटी बहुतेक वेळा डावीकडचंच निवडते.

साहजिकच क्लेव्हर हान्स आठवला. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हा बर्लिनचा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये तपासलं तेव्हा कळलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचं गणित चुकतं. माणसांच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचाली तो टिपत होता. (मला तर ही गणितापेक्षा मोठी हुशारी वाटते.)

आमच्याकडेही तेच चाललंय का, हे खात्रीने कसं शोधायचं? शिवाय निळं झाकण पिवळ्याहून बरंच गडद आहे. ती रंग न बघता नुसता गडदपणा बघत असेल तर?

प्रतिसाद १:
दाराआड जाऊ नका. तुम्ही समोर असणं हा तिच्या लेखी धड्याचाच भाग आहे. तुम्ही दिसेनाशा झालात की ती बावरणारच, त्यावरून काही सिद्ध होत नाही. नेहमीच्या जागी बसा, पण डोळे मिटून. झाकणं दुसऱ्या कुणीतरी मांडावीत आणि खोलीबाहेर जावं. मोबाइलवर चित्रण करा, निकाल नंतर बघा. दोन्ही झाकणांना खाऊचा वास सारखाच लागलेला हवा. डाव्या-उजव्याचा क्रम आधी कागदावर लिहून काढा: एकाच बाजूला सलग तीनपेक्षा जास्त वेळा नको आणि आलटूनपालटूनही नको, तो क्रमही कुत्री शिकतात.

प्रतिसाद २:
गडदपणाचं कोडं प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांच्या बाबतीत सोडवलं होतं. निळा कागद त्यांनी करड्या रंगाच्या फिक्या-गडद कागदांमध्ये ठेवला. माश्यांना रंग दिसत नसता, तर त्या तितक्याच उजळ करड्या कागदावरही गेल्या असत्या. त्या निळ्यावरच आल्या. तुम्ही फिकी निळी आणि गडद पिवळसर झाकणंही मिसळा. निळा-पिवळा निवडलात हे उत्तम, लाल-हिरव्यात कुत्र्यांची गल्लत होते. फक्त छटा एकदम फार जवळ आणू नका. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक शिकवत होते. लंबवर्तुळाच्या अक्षांचं प्रमाण ९:८ वर, म्हणजे जवळजवळ वर्तुळावरच, आणल्यावर शांत कुत्रा केकाटायला लागला आणि आधीचा सोपा फरकही विसरला.

धागाकर्ती:
डोळे मिटलेले असताना खाऊ कधी द्यायचा? बरोबर की चूक, मला कळणारच नाही.

प्रतिसाद १:
त्या फेऱ्यांत कशालाही नाक लावलं तरी द्या. मात्र अशा फेऱ्या मोजक्याच, रोजच्या सरावात मधूनमधून पेरलेल्या. सलग घेतल्यात तर पिवळ्यावरही खाऊ मिळतो हे तिला लगेच कळेल.