'ताबा', 'सांभाळ' आणि 'पोटची' : सरोगसीच्या खटल्यांतली मराठी

मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२४ च्या एका निकालाचं मराठी करतेय. सरोगसीने, म्हणजे दुसऱ्या बाईने गर्भ वाढवून, २०१९ मध्ये जुळ्या मुली झाल्या. स्त्रीबीज पत्नीच्या धाकट्या बहिणीचं. पुढे नवराबायको वेगळे झाले, मुली वडिलांकडे राहिल्या, बहीणही तिथेच राहायला आली. वडिलांचा दावा असा की तीच मुलींची 'बायोलॉजिकल' आई. 'कस्टडी'ला आधी सवयीने 'मुलींचा ताबा' लिहिलं आणि थबकले. ताबा फ्लॅटचा मिळतो, गाडीवरचा सुटतो. लेकरांना दुसरा शब्द नाही का? आणि 'जैविक आई' चालेल?

---

ताई, 'ताबा' खटकला हे फार बरं झालं. ताबा, ताबेदार, ताब्यात घेणं हे सगळं हुकमतीचं कुटुंब. आपल्याकडे 'सांभाळ' असताना तो का वापरू नये? 'मुली वडिलांच्या सांभाळात आहेत' हे कुणालाही कळतं.

'पालक' जपून वापरा. शाळेच्या पालकसभेत तो आईबाप, पण १८९० च्या 'पालक व पाल्य अधिनियमा'त कायदेशीर रखवालदार. तो मामाही असू शकतो. सातबाऱ्याने हा घोटाळा टाळलाय: अल्पवयीन वारसाच्या नावापुढे 'अ. पा. क. आई', म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई. (हे 'अज्ञान' म्हणजे फक्त वयाने लहान.) म्हणून आईबाप कोण, या प्रश्नाला 'पालकत्व' नको, 'जनकत्व' घ्या.

आता 'जैविक'. माझ्या मते सगळा गुंता इथेच आहे. मराठीत आईपणाचा पुरावा पोटात असतो. पोटची पोर, एका पोटची भावंडं. सरोगसीत पोट एकीचं, बीज दुसरीचं, आणि मूल हवं म्हणून धडपडलेली तिसरीच. या प्रकरणात तर तिन्ही वेगळ्या. न्यायालयाने बहिणीला फार तर 'जनुकीय आई' म्हटलं. बीज दिल्याने मुलांवर हक्क येत नाही. तुम्हीही 'जनुकीय'च लिहा. शिवाय २०२१ चा सरोगसी कायदा म्हणतो की असं मूल इच्छुक दांपत्याचं 'जैविक मूल मानलं जाईल'. म्हणजे कायद्यातला 'जैविक' रक्तातून येत नाही, मानण्यातून येतो. या मुली त्या कायद्याआधीच्या, करार २०१८ चा, तरी शब्द एकदा सैल सुटला की बहिणीचा दावा भाषेतच निम्मा जिंकला जातो.

आणि कृपा करून 'भाडोत्री आई' कुठेही नको. नव्या कायद्याने पैसे घेऊन केलेली सरोगसी बंदच केलीय. नुसतं 'सरोगेट आई' पुरे.

---

वकिली करतो म्हणून एक आडकाठी. 'सांभाळ' गोड आहे, पण मूल सांभाळते आजी आणि कोर्टाचा आदेश असतो बापाच्या नावे. अर्जात मी 'अभिरक्षा' (कस्टडीचा कायद्यातला शब्द) लिहितो, पक्षकाराला समजावताना 'ताबा' म्हणतो. नाही तर बाई विचारते, "सांभाळते मीच आहे, मग मागायचं काय?"

---

मुद्दा मान्य. गुजरातेत आणंदला २००८ मध्ये सरोगसीने जन्मलेल्या मांजी यामादाचं हेच झालं. जपानी आईबाप तिच्या जन्माआधीच विभक्त झाले. आजी जपानहून आली आणि बाळ तिच्याजवळ राहिलं. एका संस्थेने राजस्थान उच्च न्यायालयात बाळ हजर करण्यासाठी अर्ज केला, तेव्हा आजीलाच सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. सांभाळ होताच, कागद नव्हता. तेव्हा ताई, आदेशाच्या ओळीत 'अभिरक्षा', बाकी सगळीकडे 'सांभाळ'.

---

दोघांचेही आभार. 'जैविक' खोडून 'जनुकीय' केलं. शेवटच्या आदेशात अंतरिम 'व्हिजिटेशन' आहे. आधी 'मातेस भेटीचा हक्क' लिहिलं होतं, आता असं केलंय: 'दर शनिवार-रविवारी तीन तास आई मुलींना भेटेल.' तिला नुसतं 'आई' म्हटलंय, मागे कुठलंच विशेषण लावलेलं नाही.