सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला, म्हणजे माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याला, आग लागली तर लागू द्यायची?

ग्रुपवर फिरणारा मेसेज: "गवत जळालं तरी पावसात दुप्पट येतं. जाळरेषांवर पैसा कशाला? लागू दे वणवा."

माळभटक्या: गवत येईल ओ, मुळं जमिनीत असतात. पण धाविक आन टिटवी ही पाखरं मार्चपास्नं उघड्या जमिनीवर अंडी घालतात त्यांचं काय? आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याच्या आधी जाळरेषा, म्हणजे गवताचे पट्टे जाळून मोकळे केले तर आग एका तुकड्यात अडते, नायतर कुसळी गवत वाळलंय, वारं सुटलंय, ब्लोअर घेऊन पाच-सहा वनमजूर काय काय अडवणार?

बार्शीरोड: शेरडं-मेंढरं चरू दिली असती तर जळायला गवतच राहिलं नसतं. धनगराला हाकलायचं आन मग वाळलेलं गवत राखत बसायचं, वा रे प्लॅन!

माळभटक्या: सरसकट चराईनं माळाचं टक्कल होतं. पावसाळ्यानंतर ठरवून, तुकड्यातुकड्यानं चारा म्हणत असाल तर... बरं, चालेल.

बार्शीरोड: उपकार झाले मालक! 1979 ला 8,496 चौरस किलोमीटर अभयारण्य काढलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं? वडील विहिरीच्या परवानगीसाठी एका हापिसात चपला झिजवून थकले. माळढोक दिसंना, जमिनीवरचा अभयारण्याचा शिक्का मात्र जाईना.

सायली: दादा, विषय वणव्याचा चाललाय. आणि क्षेत्र नंतर 1,222 वर आणलं की.

बार्शीरोड: ताई, 1,222 मध्ये ज्याचं रान अडकलं त्याला विचारा. काळवीट ज्वारीत शिरतंय ते वेगळंच.

कडबावाला: तुमचं चालू द्या. आमच्या शेजाऱ्यानं भर दुपारी बांध पेटवला, वारं फिरलं, कडब्याची गंजी गेली आन जाळ माळाच्या कुंपणापर्यंत पोचला. वर आम्हालाच म्हणतो बिडी कुणी टाकली? आगी अशा लागतात, आकाशातनं पडत नाहीत.

माळभटक्या: तेच तर! अभयारण्यात आग लावायला 1972 च्या वन्यजीव कायद्यातच बंदी आहे, पण बांध बाहेर असतो. वणव्याच्या प्लॅनमध्ये शेजारची गावं नसली तर जाळरेषा अर्धंच काम.

बार्शीरोड: म्हणजे शेवटी दोष शेतकऱ्याचाच. एसीत बसून बोला.

माळभटक्या: एसी? पंख्याला लाईट नाही इथं. बांध पेटवायच्या आधी गार्डला एक फोन करा म्हणतोय, एवढंच.

बार्शीरोड: करतो की. उचलला तर तुम्हाला शेंगाचटणी पाठवतो.

सायली: आणि विहिरीचं काय झालं शेवटी?

बार्शीरोड: बघा, आता विचारलं! बसा, सांगतो...